नव्या पत्त्यांची मोजणीबाई

मोजणीबाई या नोकरीत आल्या त्या निव्वळ गैरसमजातून.

त्याआधी बरीच वर्षं त्या रस्त्यावरची वाहनं मोजायच्या. चौकाच्या कोपऱ्यात छत्रीखाली एक स्टूल, हातात खटका दाबला की आकडा पुढे सरकवणारं चिमुकलं यंत्र, आणि समोरून जाणारे ट्रक, बस, सायकली वेगवेगळ्या टिपायच्या. कुठे सिग्नल बसवायचा, कुठला रस्ता रुंद करायचा, हे त्या आकड्यांवरून ठरायचं. मग खांबांवर कॅमेरे आले. ते आपले आपणच मोजू लागले आणि बाईंचं स्टूल उचललं गेलं.

घरी हातावर हात धरून बसणं बाईंना जमणारं नव्हतं. म्हणून ‘ट्रॅफिक मोजण्यासाठी माणूस हवा, चिकाटी आवश्यक’ अशी जाहिरात दिसताच त्या इस्त्रीचे कपडे घालून हजर झाल्या. समोर बसले होते ते साहेब शहराच्या अर्ध्या भागाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे तांत्रिक प्रमुख. बाईंना हे कंपनीच्या पाटीवरून कळायला हवं होतं, पण पाटीवर नुसतं एक निळं वर्तुळ होतं. त्यावरून काय कळणार, कप्पाळ?

“ट्रॅफिक मोजायचा अनुभव?” साहेबांनी विचारलं.

“उभी हयात त्यातच गेली.”

“अरे वा! साधन कुठलं वापरता?”

बाईंनी पर्समधून यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि खटका दाबून दाखवला. टिक्.

साहेब त्या यंत्राकडे बघत राहिले. मग बाईंकडे. मग एवढ्या मोठ्यांदा हसले, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

“अहो ताई, आमचं ट्रॅफिक तारांमधून जातं.”

बाईंचे कान तापले. पर्स उचलून सरळ घर गाठावं असं क्षणभर वाटलं. पण आलोच आहोत तर विचारून बघू, असा त्यांचा स्वभाव. त्या म्हणाल्या, “जातं ना? मग ते मोजतात कसं, तेवढं सांगा.”

साहेबांनी सांगायला सुरुवात केली आणि चहा दोनदा मागवावा लागला.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, घराला असतो तसा. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर इतके वाटले गेले की ते संपले. एकेका जुन्या पत्त्यामागे कितीतरी घरं दाटीवाटीने बसवावी लागू लागली. मग नव्या पद्धतीचे पत्ते निघाले. हे कितीही वाटले तरी सरायचे नाहीत. पण जुने एका दिवसात बंद कसे करणार? म्हणून कंपनीने घरोघरी दोन्ही दिले. घरातला फोन, टीव्ही, कॉम्प्युटर ज्याचं त्याने ठरवायचं, हा निरोप नव्या वाटेने धाडू की जुन्या. घरच्या माणसाला यातलं काही ठाऊकही नसतं. आणि संचालक मात्र दर आठवड्याला साहेबांना विचारायचे: नव्या वाटेने किती जातंय, जुन्या वाटेने किती? नव्या वाटेला लोक लागले तर शहराच्या उरलेल्या भागातही ती द्यायची, नाहीतर कशाला?

“आमच्या इंजिनीअर मंडळींना हे मोजणं म्हणजे शिक्षा वाटते,” साहेब म्हणाले. “एक दिवस मोजतात, दोन दिवस अंदाजाने ठोकतात.”

“अंदाजाने?” बाईंना हे ऐकवेना. “शी!”

त्या एका ‘शी’वर त्यांना नोकरी मिळाली, असं साहेब पुढे सगळ्यांना सांगायचे.

शिकवायचं काम आलं चष्मेवाल्याकडे. हा इंजिनीअर हुशार, पण चष्मा कपाळावर चढवून दिवसभर तोच शोधत फिरणारा. बाईंच्या प्रश्नांनी सुरुवातीला त्याच्या नाकी नऊ आले. पण त्या शिकल्या. कंपनीच्या मोठ्या यंत्रांकडून कुठून कुठे किती गेलं याचा गोषवारा यायचा; त्यातलं जुनं एकीकडे, नवं दुसरीकडे करायचं, वस्तीवार बेरीज मांडायची आणि पडद्यावर नव्या वाटेची रेघ उमटवायची. पहिल्याच महिन्यात त्यांची रेघ अशी काही उसळली की साहेबांनी पेढ्यांचा नसला तरी बिस्किटांचा पुडा फोडला. मग चष्मेवाल्याने हळूच दाखवलं, की बाईंनी ऑफिसातल्या चाचणीच्या यंत्रांचंही ट्रॅफिक गिऱ्हाइकांत धरलं होतं. ती यंत्रं दिवसभर एकमेकांशी नव्या वाटेनेच बडबडत बसायची. बाईंनी जीभ चावली, सगळं पुन्हा मोजलं, आणि उरलेली बिस्किटं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

बाई नदीकाठच्या वसाहतीत राहायच्या. चार मजल्यांच्या इमारती, मध्ये बाकडी, जिन्यांत कुंड्या. बाईंची नवी नोकरी कळल्यावर तिथे काही दिवस भलतीच कुजबुज होती. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्यांना जिन्यात गाठलंच.

“अहो, आम्ही घरात काय काय बघतो, ते दिसतं का हो तुम्हाला?”

“छे हो! मी नुसतं मोजते. कोण कुठे चाललंय ते मला दिसतही नाही आणि बघायचंही नाही.”

शिंपीणबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या काय बघत असतील याचं कुतूहल मात्र बाईंना तेव्हापासून लागून राहिलं.

घरात त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमानांनी जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केली, म्हणून सगळी वसाहत त्यांना मशीनवाले काका म्हणायची. दुकान बंद केलं तरी हात शिवशिवायचे. कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाची इस्त्री तापेना, की काका पेचकस घेऊन निघाले. घरातलं इंटरनेट हे त्यांनी आपलं खातं म्हणून जाहीर करून टाकलं होतं. बाई सुरुवातीला जेवताना ऑफिसातल्या गोष्टी सांगायच्या. काका “हो का, हो का” म्हणत भाजी वाढून घ्यायचे. पुढे बाईंनी सांगणं सोडलं. काकांनीही आपल्या दुरुस्त्यांबद्दल बोलणं सोडलं. दोघांचं एकत्र बोलणं व्हायचं ते संध्याकाळी, परगावी असलेल्या लेकीच्या व्हिडिओ कॉलवर. लेकीला नुकतंच बाळ झालं होतं, आणि बाळ म्हणजे काय, जांभई दिली तरी इकडे दोघं टाळ्या वाजवायची.

असं सगळं छान चाललं असताना रेघ घसरली.

आधी बाईंना वाटलं, सुट्ट्या लागल्या असतील. पण घसरण थांबेना. जुन्या वाटेचं ट्रॅफिक वाढत होतं, नव्या वाटेचं आटत होतं. शहराचा उरलेला भाग नव्या वाटेवर आणायचा की नाही याची बैठक तोंडावर आली होती आणि संचालकांनी साहेबांना सुनवायला सुरुवात केली होती, “लोकांना नकोय तुमचं ते नवं. उगाच गळ्यात कशाला मारता?”

“मोजण्यात काही...” चष्मेवाला चाचरत म्हणाला. बिस्किटं कुणी विसरलं नव्हतं.

बाईंनी सगळे गोषवारे परत उघडले. त्यांनी पुन्हा मोजलं. वेगळ्या गोषवाऱ्यावरून मोजलं. चाचणीची यंत्रं वगळली आहेत ना, हे डोळ्यांत तेल घालून बघितलं. आकडा तोच. मग एकेक वस्ती वेगळी काढली. बाजारपेठ जशीच्या तशी. टेकडीवरची घरं जशीच्या तशी. स्टेशनचा भाग तर उलट थोडा चढलेला. सगळी घसरण एकाच जागी होती. ती जागा कुठली ते बाईंनी दोनदा वाचलं.

नदीकाठची वसाहत. त्यांचीच.

“तार तुटली असेल,” साहेब म्हणाले.

“तार तुटली तर जुनंही जाणार नाही,” चष्मेवाला म्हणाला. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “एक बघा. त्या घरांना आपण नवा पत्ता देतोय, पण घेतंय कोण? घराघरातून पूर्वी मागणी यायची, ती येईनाशी झालीय. हे नवं बिघडलेलं नाही. ते घरातूनच कुणीतरी बंद केलंय.”

“एवढ्या सगळ्या घरांत?”

“तेच तर कळत नाही.”

बाई त्या दिवशी बसमधून दोन थांबे आधीच उतरल्या आणि विचार करत चालत घरी आल्या. एवढ्या माणसांना एकदम हे बंद करायचं सुचलं कसं? अर्ध्यांना तर रिमोटमधले सेल बदलायलाही काका लागायचे. इथवर विचार आला आणि त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकल्या.

वरून शिंपीणबाई उतरत होत्या. बाईंनी सरळच विचारलं, “तुमच्या इंटरनेटच्या डब्यात कुणी काही केलंय का हो?”

“म्हणजे काय? तुमच्या यांनीच तर करून दिलं!” शिंपीणबाईंचा चेहरा खुलला. “काय ते नवीन बंद केलं आणि बघा, चित्र कसं पाण्यासारखं वाहतंय. आमच्या मजल्यावर सगळ्यांचं करून दिलं. समोरच्या इमारतीत पण गेले होते. देवमाणूस हो!”

देवमाणूस स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसला होता.

बाईंनी पर्स खुर्चीवर टाकली. “अहो, डब्यातलं नवं तुम्ही बंद केलंत?”

“केलं.” काकांनी एक शेंग फोडली. “बरं मग?”

“बरं मग काय? अख्ख्या वसाहतीचं?”

“ज्यांनी ज्यांनी बोलावलं त्यांचं.”

“आणि आपलं?”

“आपलं तर सगळ्यात आधी.”

बाईंनी कपाळाला हात लावला. ऑफिसात त्या आठवडेच्या आठवडे जे भूत शोधत होत्या, ते रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होतं. पहिल्यांदा राग आला. मग हसू येतंय की काय असं वाटलं, पण ते त्यांनी दाबलं.

“का केलंत?”

“कारण पोरगी अडकत होती. दुपारी, तू ऑफिसात असताना. संध्याकाळपर्यंत मी बंद करून टाकलं.” काका उठले, हात पुसले आणि फोन घेऊन डब्याकडे गेले. “ये इकडे. दाखवतो.”

त्यांनी नवं चालू केलं आणि लेकीला कॉल लावला. कॉल लागला, लेक दिसली, “हं बाबा” म्हणाली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाळाचा अर्धा कान दिसत होता, तोही हलेना. काकांनी नवं बंद करून पुन्हा लावला. लेक धडाधड बोलू लागली, “काय हो बाबा, परत तेच सुरू केलंत का? आई, तू दिसतेयस गं! बघ, बघ, हा हसतोय!”

पाचेक मिनिटं मग कुणालाच पत्त्यांची आठवण राहिली नाही.

कॉल संपल्यावर बाई म्हणाल्या, “ऑफिसला फोन का नाही केलात?”

“केला होता. तुमच्या त्या मदतीच्या नंबरवर. म्हणाले, बंद करून चालू करा. मी बंद केलं. चालू करायचं काही कारण दिसेना.”

“मग मला विचारायचंत!”

काका पुन्हा वाटाण्यांपाशी जाऊन बसले. “तू दिवसभर त्यातच असतेस. घरी आल्यावर परत तेच कशाला, असं वाटलं. आणि खरं सांगू? तू म्हणाली असतीस, तुम्हाला त्यातलं काय कळतंय, कशाला हात घातलात.”

नेमकं हेच बाई म्हणाल्या असत्या. त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या आणि शेंगा सोलू लागल्या. बऱ्याच शेंगा झाल्यावर म्हणाल्या, “तुम्ही केलंत ते चूक नव्हतं. आमचंच कुठेतरी घोडं पेंड खातंय. पण ते शोधायला आता तुमचीच मदत लागणार.”

“माझी?” काका एकदम ताठ बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना हे सांगणं बाईंना जड गेलं. नवरा आपलाच, वसाहत आपलीच, आणि एवढे दिवस आपल्याच घरातलं आपल्याला दिसलं नाही. त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं आणि खाली बघत उभ्या राहिल्या. साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. रडताहेत की काय म्हणून बाईंनी वर बघितलं, तर ते हसत होते.

“म्हणजे ज्याला आम्ही शोधतोय, तो तुमच्या घरात!” डोळे पुसत साहेब म्हणाले. “आणि तोही बिचारा आमचीच गिऱ्हाइकं सांभाळतोय. जा, चष्मेवाल्याला घेऊन जा घरी.”

चष्मेवाला आला, बाईंच्या सोफ्यावर लॅपटॉप मांडून बसला. काका शेजारी खुर्ची टाकून, पेचकस खिशात ठेवून तयार. पेचकसाचं काही काम नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

“आधी माहितीचे लहान गठ्ठे पाठवतो,” चष्मेवाला म्हणाला. लहान गठ्ठे सुरळीत गेले. “आता मोठे.” मोठा एकही पोचेना.

“म्हणजे दारातून माणूस जातो, कपाट जात नाही,” काका म्हणाले.

“अगदी तसंच! म्हणून कॉल लागतो, ‘हं बाबा’ ऐकू येतं आणि चित्र सुरू झालं की सगळं अडकतं. सुरुवात नीट होते, त्यामुळे फोनलाही वाटतं वाट ठीक आहे. तो जुन्या वाटेकडे वळतच नाही.” तो भराभर बोटं चालवत होता. “तुमच्या वसाहतीकडे येताना एका ठिकाणी वाट अरुंद आहे. त्याने खरं तर बिघडायला नको. नव्या पद्धतीत अशा जागेवरून मागे निरोप जातो, की गठ्ठा मोठा आहे, लहान करून पाठवा. मग पाठवणारा लहान करतो. आता तो निरोप कुठे जातो ते...”

तो थांबला. पडद्याजवळ वाकला. आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

निरोप कंपनीच्याच एका यंत्रात अडवला जात होता. नको त्या गोष्टी बाहेर ठेवायला तिथे अलीकडेच एक गाळणी बसवली होती आणि त्या गाळणीत हा बिचारा निरोपही अडकत होता. गाळणी कुणी बसवली हे चष्मेवाल्याने सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्या उठून चहा टाकायला गेल्या. परत आल्या तोवर गाळणीची भोकं मोठी झाली होती, काकांनी घरातलं नवं चालू केलं होतं आणि पडद्यावर लेक विचारत होती, “हे चष्मेवाले कोण?”

बैठकीला साहेब बाईंना घेऊन गेले. बाईंनी वस्तीवार रेघा दाखवल्या आणि साधं सांगितलं: लोकांनी नवं नाकारलेलं नाही, नवं अडत होतं म्हणून ते त्यातून बाहेर पडले, आणि अडण्याचं कारण आपल्याकडे होतं. एका संचालकाने विचारलं, हे बंद करायचं लोकांना शिकवलं कुणी? साहेब खोकले. बाई म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याने.” खोलीत असा हशा पिकला की पुढचे कठीण प्रश्न विचारायचे राहूनच गेले. तरी संचालक लगेच विरघळले नाहीत. म्हणाले, आधी ती वसाहत परत नव्या वाटेवर येते का ते बघू, मग पुढचं.

मग काकांची फेरी पुन्हा निघाली, या वेळी उलटी. रोज संध्याकाळी दोघं बरोबर जायची. काका डब्यात चालू करून द्यायचे, बाई समजावून सांगायच्या, आणि घरोघरी चहा नको म्हणता म्हणता पुरेवाट व्हायची.

“काय काका, परवा बंद, आज चालू?” लोक चिडवायचे. “उद्या काय, डबाच गच्चीवर?”

“तेव्हा बंद करणं बरोबर होतं, आता चालू करणं बरोबर आहे,” काका बजावायचे. “यांच्या ऑफिसने दुरुस्त केलंय. मी स्वतः हजर होतो.”

शिंपीणबाईंनी मात्र दोन दिवस मागून घेतले, कारण त्यांची मालिका ऐन रंगात होती. बाईंचं कुतूहल तेव्हा एकदाचं फिटलं: शिंपीणबाई दिवसभर कुठल्याशा देशातल्या स्वयंपाकाच्या स्पर्धा बघायच्या आणि पोळपाटाला हातही लावायच्या नाहीत.

रेघ एकदम उसळली नाही. हळूहळू, रोज थोडी थोडी चढली. दरम्यान बाईंनी साहेबांकडून एक गोष्ट मागून घेतली. मदतीच्या नंबरवर जे फोन येतात, त्यांचा वस्तीवार सारांश त्यांच्याही टेबलावर यायला हवा. “माझी रेघ किती घसरली ते सांगते,” त्या म्हणाल्या. “का घसरली ते लोकच सांगतात.” साहेबांनी मान्य केलं, आणि मदतीच्या नंबरवरच्या मंडळींना ‘बंद करून चालू करा’च्या पुढचेही दोन प्रश्न विचारायला लावले.

घरीही बदल झाला. जेवताना बाई विचारू लागल्या, “आज कुणाचं काय अडलं?” काका सविस्तर सांगायचे, कुणाचा पंखा, कुणाचा टीव्ही, कुणाचा जावई. मग बाई आपल्या रेघा सांगायच्या आणि काका अधूनमधून असा काही प्रश्न टाकायचे, की बाई घास हातात धरून विचारात पडायच्या. सगळेच प्रश्न कामाचे नसायचे. एकदा त्यांनी विचारलं, नव्या पत्त्यांना तेलपाणी करावं लागतं का.

शेवटी शहराच्या उरलेल्या भागाला नवी वाट द्यायचं संचालकांनी मंजूर केलं. साहेब तो कागद घेऊन बाईंच्या टेबलापाशी आले, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या वसाहतीच्या रेघेकडे बोट केलं.

“पूर्वीएवढी मात्र नाही झाली अजून. राहिलंय कोण?”

“दोन-तीन घरं. त्यातले एक आमच्या समोरच्या इमारतीतले निवृत्त मुख्याध्यापक. म्हणतात, चाललंय ना नीट, मग परत हात लावू देणार नाही.”

“समजावलं नाहीत?”

“चारदा. चारही वेळा त्यांनी आम्हालाच समजावून परत पाठवलं.” बाई हसल्या. “राहू दे त्यांना जुन्या वाटेने. त्यांचंही मोजते मी.”

साहेबांनी मान डोलावली आणि संचालकांना पाठवायच्या आकड्यात मुख्याध्यापकांना जुन्या वाटेवरच राहू दिलं.